भिकू सोल्दादाची सलामी

भिकू सोल्दादाने नऊ महिने नोकरी केली आणि साठ वर्षं ती सांगितली. असं धारगळात सगळे म्हणायचे आणि भिकूला त्याचा राग येत नसे. तो फक्त हिशेब दुरुस्त करायचा. "णव म्हयने आनी बारा दीस," म्हणायचा. "ते बारा दीस कोणाच्या घरचे?"

सोल्दाद म्हणजे शिपाई. पोर्तुगीज गेले तेव्हा जे शब्द आमच्याकडे विसरून गेले, त्यातला हा एक. भिकू एकोणीस वर्षांचा असताना रेजिदोराने, म्हणजे पोर्तुगिजांच्या गावकारभाऱ्याने, कुठल्याशा यादीत त्याचं नाव घातलं आणि भिकू नाईक पाखल्यांच्या, म्हणजे गोऱ्या पोर्तुगिजांच्या, सैन्यात दाखल झाला. बंदूक घेऊन धावला की तो एका बाजूला कलंडायचा, म्हणून त्याच्या हातात बिगूल दिलं. तो त्याला कोर्नेत म्हणायचा. पुढे भारताचं सैन्य आलं, गोवा मुक्त झाला, पाखले गेले आणि भिकू कोर्नेत काखेत मारून घरी आला. शेती केली, हमरस्त्याच्या कडेला मांडव घालून कलिंगडं आणि अळसांदे, म्हणजे टपोरी चवळी, विकली, चार मुलींची लग्नं केली. पण गावाने त्याला नाव ठेवलं ते त्या नऊ महिन्यांवरून. आणि बारा दिवसांवरून.

मी मूळची डिचोलीकडच्या पाळीची. खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ खात वाढले, त्यामुळे मला कशाचं चटकन नवल वाटत नसे. धारगळच्या शाळेत बदली होऊन आले आणि पहिल्याच वर्षी एकोणीस डिसेंबरच्या, गोवा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाचं काम माझ्या गळ्यात पडलं. ढोल होता, मुलं होती, झेंडा इस्त्री करून ठेवलेला होता. बिगूल कोण वाजवतो असं विचारल्यावर शिपाईकाका म्हणाले, "भिकू सोल्दाद. पयलींसावन तोच."

मी मांडवावर गेले तेव्हा एक गिऱ्हाईक कलिंगडं हाताळून बघत होतं आणि भिकू त्याला ओरडत होता, "लायन मोडूं नाका!" कलिंगडं खरोखरच रांगेत होती. मोठी मागे, लहान पुढे. एखादं विकलं गेलं की बाकीची पुढे सरकवून तो पुन्हा रांग लावायचा. लुंगी, वर इस्त्रीचा खाकी सदरा, आणि खांद्यावर मिटलेली छत्री. ती छत्री पावसातही खांद्यावरच असे. उघडली तर बंदुकीसारखी धरता येत नाही ना!

"एकोणीसाक सकाळीं आठांक," मी माझ्या डिचोलीच्या बोलीत सांगितलं. "तुमका बसपाक कदेल दवरतां."

"कदेल नाका, बाय. सोल्दाद उबो रवता."

"मग कितें जाय?"

"पाव-भाजी आसा मूं?"

होती. झेंडावंदनानंतर मुलांना पाव-भाजी द्यायची पद्धत तिथे जुनीच होती. भिकू समाधानाने मान हलवून कलिंगडांकडे वळला.

त्या दिवशी तो पावणेआठलाच आला. सदऱ्याच्या बोल्सातून, म्हणजे खिशातून, फडकं काढून कोर्नेत पुसलं. ते तो दर मंगळवारी चिंच आणि राख लावून घासायचा, आणि त्याची बायको म्हणायची की माझ्या तांब्याभांड्यांना हे हात कधी लागले नाहीत. झेंडा वर गेला, भिकूने गाल फुगवले आणि सलामी वाजवली. जोरकस, उड्या मारणारी धून होती. लष्करी सलामी इतकी आनंदी असते हे मला माहीत नव्हतं. मग राष्ट्रगीत झालं. एक गोष्ट मात्र मी तेव्हापासून दरवर्षी पाहत आले. भिकूची सलामी ऐकली की मला भूक लागायची. मुलांचंही तेच. राष्ट्रगीत संपेपर्यंत ती कशीबशी सरळ उभी राहायची, आणि मग रांग पाव-भाजीच्या दिशेने वाहायला लागायची. मी त्याचं खापर सकाळच्या थंडीवर फोडलं.

भिकूचा रेडा होता, त्याचं नाव कापितांव. कापितांव म्हणजे कप्तान. शेतात नांगर धरला की भिकू त्याला पोर्तुगीजमध्ये हुकूम सोडायचा आणि रेडा मराठी रेड्यांसारखाच आपल्या मनाला येईल तसा चालायचा. "म्हज्या हुकमांत आशिल्लो हो एकूच कापितांव," भिकू सांगायचा, "आनी तोय आयकना." नारळ मोजायचा तर "उं, दोइश, त्रेश". शंभरावर गेला की कोकणीत यायचा, कारण नऊ महिन्यांत पाखल्यांनी शंभराच्या पुढे शिकवलं नव्हतं. शिपाई म्हणजे काय असं माझ्या चौथीच्या मुलांनी एकदा त्याला विचारलं. माझी अपेक्षा शौर्य, त्याग वगैरेची. भिकू म्हणाला, "जो दुसऱ्याच्या झगड्यांत आपले सापात झिजयता, तो सोल्दाद." सापात म्हणजे बूट. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं आणि मला ते खोडायला सांगणं जड गेलं.

पण त्याची खरी कथा म्हणजे नदीतली बंदूक. ती त्याने गावातल्या प्रत्येक माणसाला किमान दहादा सांगितलेली होती. मुक्तीच्या दिवशी भारताचे जवान समोर दिसले, सार्जेंत ओरडला "गोळी घाल", आणि भिकूने "आपल्या लोकांवर हांव गोळी घालचों ना" असं म्हणून बंदूक नदीत फेकली. ऐकताना अंगावर काटा यायचा. मी एकदा सहज विचारलं, "पण भिकूबाब, तुमच्याकडे तर कोर्नेत होतं. मग बंदूक कोणाची फेकली?"

भिकूने एक कलिंगड पुढे सरकवलं. "दुसऱ्याची," म्हणाला.

गावात सगळ्यांना ही कथा गोड लागत होती असं नाही. दोन-तीन घरं अशी होती, जिथल्या माणसांनी पाखल्यांच्या पोलिसांचा मार खाल्ला होता. एकाची तर बोटं कायमची वाकडी झाली होती. ती माणसं झेंडावंदनाला यायची, भिकूच्या मांडवाकडे मात्र फिरकायची नाहीत. भांडण नव्हतं. कलिंगड घ्यायला ती सरळ म्हापशाला जायची. भिकूला ते ठाऊक होतं आणि त्या घरातलं कोणी रस्त्याने गेलं की तो कलिंगडांची रांग नीट करायला खाली वाकायचा.

दहाएक वर्षांपूर्वी सुभेदार आले. मारुती पाटील, चंदगडकडचे. मुलगा तुयेच्या कारखान्यात फोरमन, त्याने धारगळात घर बांधलं आणि बापाला घेऊन आला. सुभेदारांनी सगळी उमर भारताच्या फौजेत काढली होती, आणि नोकरी लागल्या लागल्या त्यांची पलटण धाडली गेली होती ती गोव्यातच. गावात दुसरा फौजी आहे असं कळल्यावर ते मोठ्या आनंदाने मांडवावर गेले.

"कुठली पलटण?" त्यांनी विचारलं.

भिकूने सांगितली.

सुभेदारांनी हातातलं कलिंगड रांगेत परत ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे तुमी पल्याडचं?"

"हांव हांगाचोच," भिकू म्हणाला. "पल्याडचे तुमी."

तिथून जी जुंपली ती रोज संध्याकाळी चारला जुंपायची. सुभेदार चहाचा थर्मास घेऊन यायचे, भिकू पाव आणायचा. पाव चहात बुडवून दोघं मुक्तीची लढाई पहिल्यापासून लढायचे.

"छत्तीस तासांत पळालासा की रे," सुभेदार म्हणायचे.

"पळूंक आमकां बूट खंय आशिल्ले, सुभेदारानू? तुमीच आमकां बसल्या जाग्यार धरले."

पण त्यांना एकमेकांवाचून करमत नसे. सुभेदारांना ताप आला तेव्हा भिकू खांद्यावर छत्री घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि सुनेला म्हणाला, "दुस्मानाची खबर घेवंक आयलां."

आणि मग एका डिसेंबरात पंचायतीने सुभेदारांना झेंडावंदनाचे प्रमुख पाहुणे केलं. तोवर ते दर डिसेंबरात गावी ऊसतोडीला जायचे, त्यामुळे भिकूची सलामी त्यांनी कधी ऐकली नव्हती. छातीवर पदकं लावून ते आले, झेंड्याची दोरी ओढली, ताठ झाले. भिकूने गाल फुगवले. पहिल्या चार सुरांतच सुभेदारांचा चेहरा बदलला. सलामीचा हात कपाळापर्यंत निघाला होता, तो मध्येच थांबला आणि खाली आला.

पाव-भाजी न खाता ते गेले. संध्याकाळी मांडवावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सरपंचांकडे गेले. "मी अठ्ठावीस वर्सं रोज बिगूल ऐकलंय," म्हणाले. "आपली एकबी धून माझ्या कानाबाहेरची न्हाई. ही आपली न्हवं. ही त्यांची हाय. आपल्या झेंड्याला त्यांची सलामी? पन्नास वर्सं?"

गावाला धक्काच बसला. खरं म्हणजे यात धक्का बसण्यासारखं काय होतं? भिकू बिगूल शिकला पाखल्यांकडे. तो काय आपली सलामी स्वप्नात शिकणार होता? पण हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर शाळेची बाई! ज्या घरांतली माणसं मांडवाकडे फिरकत नव्हती, त्यांच्यासमोर लोक माना खाली घालायला लागले. पुढच्या वर्षीपासून स्पीकरवर लावू, भिकूला हात जोडू, असं ठरायला लागलं.

मी मांडवावर गेले. त्या वर्षी कलिंगडं अजून आली नव्हती, अळसांद्यांची चार मापं होती. भिकू त्यांच्यामागे बसला होता. बसलेला मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

"बाय," म्हणाला, "माका दुसरें कांय नाका. नांव नाका, फोटो नाका. वर्साक एकदां कोर्नेत फुकूंक दियात. तेवडेंच."

"मग सांगा ना ती धून कसली ती."

त्याने अळसांद्यांत हात घातला. मी रागावलेच. म्हटलं, सांगितलं नाहीत तर लोक वाटेल ते धरून चालतील. तो अळसांदे चाळवत राहिला.

सातेरीच्या देवळात बैठक झाली. आमच्याकडे गाठ सुटेना की ती देवीपुढे नेतात. जुन्या मानकऱ्याने नारळ मांडला, बारा-पाच मानकऱ्यांच्या देवीला गाऱ्हाणं घातलं, लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि मानकरी भिकूकडे वळला. "नारळार हात दवर आनी सांग. कसली सलामी ती?"

सुभेदार खांबाला टेकून उभे होते. वाकडी बोटं असलेले आजोबा पुढच्या रांगेत होते. भिकूने नारळावर हात ठेवला आणि खाली बघत म्हणाला,

"सलामी न्हयच ती. रांशु तो."

"रांशु म्हंजे?"

"जेवणाची वर्दी. जेवण जालां, ताटां घेवन येयात, म्हूण फुकतात ती."

देवळात कोणी हसलं नाही. हसावं की नाही तेच कोणाला कळेना. मला मात्र इतक्या वर्षांच्या भुकेचा उलगडा झाला.

मग त्याने सगळं सांगितलं. नदी नव्हती. बंदूक फेकली नव्हती. भिकू धरून पेडण्याकडचे पाच पोरगे होते आणि वर एक पाखला सार्जेंत. त्या सकाळी सार्जेंत जीपमध्ये बसला, आत्ता येतो म्हणाला. "अजून येता," भिकू म्हणाला. जाताना हुकूम देऊन गेला, की इंडियेचे जवान दिसले की भिकूने धोक्याचा गजर फुंकायचा, आणि खोपीतल्या चौघांनी बंदुका घेऊन बाहेर पडून गोळ्या घालायच्या. खोपीबाहेर आंब्याखाली भाताचं पातेलं चुलीवर होतं. भिकू पहाऱ्याला. आणि जवान दिसले. बांधावरून येत होते, पुष्कळ.

"कोर्नेत तोंडाक लायलें," भिकू म्हणाला. "तोंड सुकल्लें. आनी भायर पडलो तो रांशु."

खोपीतले चौघे बाहेर आले ते ताटं घेऊन. रोजच्या सवयीने रांगेत उभे राहिले. बांधावर बंदुका रोखलेले जवान, आणि समोर जेवायला उभी राहिलेली चार पोरं. कुणीतरी बांधावर हसलं, असं भिकूला आठवत होतं. कोणी गोळी झाडली नाही.

"ते चौगूय घरा गेले," तो म्हणाला. "तांकां नातवां जालीं. बावट्याची सलामी माका येताली. ती पाखल्यांची, ती हांवें तेंकां परत दिली, मागीर कधीं फुकली ना. रांशु तेवडो दवरलो. देवी, चुकलां जाल्यार भोगस." आणि नारळावरचा हात काढला.

पन्नास वर्षं जपलेली नदीतली बंदूक त्याने त्या दिवशी स्वतःच्या हाताने बुडवली. आता तो शूर राहिला नव्हता. घाबरून चुकीची धून वाजवणारा एकोणीस वर्षांचा पोरगा तेवढा उरला. मला रडू आलं, हे लपवून काय करू?

सुभेदार खांब सोडून पुढे आले. "पातेल्यातल्या भाताचं काय केलासा?" त्यांनी विचारलं. हा काय प्रश्न झाला, असं सगळ्यांना वाटलं.

"खाल्लो."

"कुणी?"

"सगळ्यांनी. तुमच्यांनी दोन दीस कांय खावंक नाशिल्लें. तांकां पयलीं वाडलो, मागीर आमी."

"आमी उपाशीच होतो," सुभेदार म्हणाले. "हिकडं नव्हतो, दुसऱ्या अंगानं आलो. पर उपाशी होतो." मग मानकऱ्याकडे वळून म्हणाले, "माझी तक्रार मिटली, म्हाराज."

पण निकाल सुभेदारांचा नव्हता. सगळे वाकड्या बोटांच्या आजोबांकडे बघत होते. ते उठले, वहाणा घातल्या आणि जाताना म्हणाले, "फुकूं दी ताका. भुकेक पाखले कित्याक म्हणूं?" फाल्गुनात त्यांच्या नातवाने भिकूच्या मांडवावरून कलिंगड नेलं. भिकूने ते मागच्या रांगेतलं, मोठ्यातलं दिलं.

तेव्हापासून आमच्या शाळेत तिरंगा जेवणाच्या वर्दीवर वर जाऊ लागला. म्हणजे जात तर होताच, आता माहीत असून जाऊ लागला. सुभेदार पदकं लावून येत, हात कपाळाला लावत आणि शेवटच्या सुरापर्यंत हलत नसत. चारला मांडवावर भांडण पुन्हा सुरू झालं, तेही पहिल्यापासून. मी भिकूला एकदा एकटं गाठून विचारलं, की गजर खरंच तोंडाला आला नव्हता, की मुद्दाम रांशु वाजवलात?

"चुकलों म्हण, बाय," तो म्हणाला. थोडं पुढे गेला, छत्री दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि मागे न बघता म्हणाला, "गजर माका बरो येतालो पूण."

शेवटचं त्याला बघितलं ते एकोणीस डिसेंबरालाच. मी निवृत्त झाले होते, तरी सवयीने गेले होते. भिकू ऐंशीच्या पुढे गेला होता, दात सगळे गेलेले, सदरा अंगात सैल. नवीन बाईंनी खुर्ची मांडली होती. तो तिच्याकडे न बघता उभा राहिला. झेंडा वर गेला. त्याने कोर्नेत तोंडाला लावलं, गाल फुगवले. फस्स करून नुसती हवा आली. पुन्हा फुंकलं. पुन्हा हवाच. सुभेदार सलामीत ताठ. तिसऱ्यांदा भिकूने फुंकलं, सूर एकही निघाला नाही, पण तो थांबला नाही. गाल फुगत होते, मान डुलत होती, उड्या मारणारी सगळी धून त्याने तशीच, आवाजाशिवाय, शेवटपर्यंत वाजवली. राष्ट्रगीत झालं. आणि मग मुलांची रांग, कोणी न सांगता, पाव-भाजीच्या दिशेने वाहायला लागली. भिकूने ते बघितलं आणि बोळक्या तोंडाने हसला.

सुभेदारांचा हात अजून कपाळालाच होता. "हात सकयल घाल, मारुती," भिकू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्यांना नावाने हाक मारली. "रांशु जालो."

सुभेदारांनी हात खाली घेतला. त्याला दंडाला धरून खुर्चीपर्यंत नेलं आणि बसवलं. भिकू बसला. मग पदकं खुळखुळवत ते स्वतः मुलांच्या रांगेत जाऊन उभे राहिले, आपला नंबर येईपर्यंत, आणि दोन ताटं घेऊन परत आले. एक भिकूच्या मांडीवर ठेवलं आणि दुसरं हातात धरून तसेच उभे राहिले.

"तूं खा मरे," भिकू म्हणाला.

"आज पैलं तू," सुभेदार म्हणाले.